सरासरी चार तास, तरी तीन तासांचा जॉब का मरतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये १२० डेस्कटॉप आहेत. प्रॅक्टिकल नसतात तेव्हा ते एचटीकाँडर या, रिकाम्या संगणकांवर कामं (जॉब) वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत तुमच्या सिम्युलेशनला मिळतात. तुम्ही तीन आठवडे नोंदी घेतल्या. एक मशीन सरासरी चार तास सलग मोकळं राहतं असं निघालं. मग त्या मोकळ्या वेळांना एक्स्पोनेन्शियल वितरण धरून, म्हणजे मशीन जाण्याचा धोका सतत सारखा मानून, हिशेब केला, की तीन तासांचे जवळपास निम्मे जॉब पहिल्याच प्रयत्नात पूर्ण व्हायला हवेत. प्रत्यक्षात तीनांतला जेमतेम एक पूर्ण होतो. आता तुम्ही विचारताय, की एक्स्पोनेन्शियल चुकलं असेल तर कोणतं वितरण घेऊ? आणि तेच मॉडेल भाड्याच्या स्वस्त क्लाउड मशीनांना लावता येईल का?

वितरणाचं नावच हवं असेल तर वायबुल घेऊन बघा. त्याचा आकार ठरवणारा आकडा, म्हणजे शेप पॅरामीटर, एकाच्या बराच खाली येईल असा माझा अंदाज आहे; एकाखाली म्हणजे मशीन जितका जास्त वेळ मोकळं, तितका ते जाण्याचा धोका कमी. पण तेवढ्याने तुमचं काम होणार नाही. मी बरीच वर्षं अशा उसन्या मशीनांवर मोठी गणितं चालवत आलो आहे, आधी कॉलेजच्या लॅबमध्ये आणि नंतर एका संशोधन संस्थेत. नुसतं वितरण बदलून फरक थोडाच पडला. नोंदी नीट झाल्या आणि जॉब पाठवताना "हे मशीन आतापर्यंत किती वेळ मोकळं आहे" हे बघायला लागलो, तेव्हा खरा फरक पडला. म्हणून मी त्याच क्रमाने सांगतो.

"मोकळं" या एका शब्दात तुमच्या नोंदींमध्ये निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या असणार. मशीन बंद पडलं, म्हणजे वीज गेली, लॅब असिस्टंटने जाताना मेन स्विच खाली केला किंवा कुणी विद्यार्थ्याने मशीन हळू चालतंय म्हणून सरळ पॉवर बटण दाबलं, ही पहिली. मशीन चालू आहे पण समोर कुणी येऊन बसलं, ही दुसरी. मशीन चालू आणि रिकामं आहे, पण नेटवर्क तुटल्याने तुम्हाला दिसेनासं झालं, ही तिसरी. जॉबच्या दृष्टीने या तिन्हींचा परिणाम सारखा नसतो. एचटीकाँडरच्या नेहमीच्या डेस्कटॉप धोरणात कीबोर्ड १५ मिनिटं शांत असला आणि मशीनवर दुसरा भार नसला की जॉब सुरू होतो. माणूस परत आला तर जॉब लगेच मारला जात नाही, आधी थांबवून ठेवला जातो. माणूस ईमेल बघून पाच मिनिटांत उठून गेला तर जॉब पुढे चालू होऊ शकतो. वीज गेली तर मात्र काहीच उरत नाही. या दोन्हींना तुम्ही "उपलब्धता संपली" असं एकाच शिक्क्याने नोंदवलं असेल, तर पुढचं कुठलंही वितरण त्या गोंधळावरच बसवलं जाणार. म्हणून नोंदीत "संपण्याचं कारण" असा एक रकाना हवाच. नंतर विश्लेषणात कारणं एकत्र करता येतात, पण एकदा एकत्र नोंदवलेली वेगळी करता येत नाहीत.

आता त्या नोंदी कुठून घेतल्या ते बघा. सेंट्रल मॅनेजरकडे, म्हणजे एचटीकाँडरच्या मध्यवर्ती संगणकाकडे, कोणती मशीनं दिसतात हे ठरावीक वेळाने विचारून नोंदी केल्या असतील, तर दोन चुका हमखास शिरतात. मशीनं आपली खबर मॅनेजरला मूळ सेटिंगनुसार दर पाच मिनिटांनी पाठवतात. म्हणजे मशीन दोन मिनिटांसाठी रीस्टार्ट झालं तर ते तुम्हाला कळतही नाही, आणि मोकळ्या वेळेचे खरे दोन तुकडे तुमच्या वहीत एकच लांब तुकडा होतात. दुसरं म्हणजे, मशीनची वीज अचानक गेली तर त्याची शेवटची खबर मॅनेजरकडे १५ मिनिटांपर्यंत जिवंत राहते. ते मशीन मेलेलं असूनही यादीत दिसत राहतं. चार तासांच्या सरासरीत १५ मिनिटं किरकोळ वाटतील. पण तुमचे बरेच तुकडे मुळातच अर्ध्या तासाच्या आतले असतील, तर त्यांच्यासाठी ही चूक प्रचंड आहे. प्रत्येक मशीनवरच एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. तिने बूट झाल्याची वेळ आणि शेवटची जिवंत वेळ स्थानिक फाइलमध्ये लिहावी, आणि मशीन परत आल्यावर ती फाइल तुम्हाला पाठवावी.

तिसरी चूक जरा छुपी आहे. तुमचे तीन आठवडे संपले त्या क्षणी जी मशीनं मोकळीच होती, त्यांच्या तुकड्यांचं काय केलंत? बरेच जण ते "अपूर्ण" म्हणून टाकून देतात. त्यातून फेकले जातात ते नेमके लांब तुकडे, कारण कुठल्याही क्षणी लांब तुकडाच चालू सापडण्याची शक्यता जास्त असते. ते तुकडे ठेवा, आणि "निदान इतका वेळ तरी टिकलं" अशी खूण करा. औषधांच्या चाचण्यांमध्ये अभ्यास संपला तेव्हा जिवंत असलेल्या रुग्णांचं जे करतात तेच इथे करायचं. १९५८ सालची कापलान-मायर पद्धत यासाठीच आहे, आणि ती पायथॉन आणि आर दोन्हींत तयार मिळते.

यानंतर वेळापत्रक. आमच्याकडे, पुण्यात, गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहायची. सोमवार ते शुक्रवार प्रॅक्टिकलच्या बॅचेस ठरलेल्या असायच्या. सबमिशनच्या आठवड्यात लॅब रात्री उशिरापर्यंत भरलेली, आणि गणपतीच्या सुट्टीत सगळी मशीनं दिवसेंदिवस बंद. यातलं काहीही यदृच्छेने घडत नाही. नोटीस बोर्डावर लावलेली गोष्ट वितरणाच्या शेपटीत कोंबू नका, ती वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि जॉब पाठवताना तो तक्ता आधी बघा. उरलेल्या वेळेत जे अनपेक्षितपणे तुटतं, त्यालाच संभाव्यतेचं मॉडेल लावा, आणि तेही दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं.

आता मुख्य मुद्दा. एक्स्पोनेन्शियल धरणं म्हणजे मशीनला स्मरण नाही असं म्हणणं. आत्ता मोकळं झालेलं मशीन आणि काल रात्रीपासून मोकळं असलेलं मशीन पुढचे तीन तास टिकण्याची शक्यता सारखीच, असा त्याचा अर्थ होतो. लॅबमध्ये उभं राहून बघितलं तरी हे पटत नाही. विद्यार्थी चहाला गेला म्हणून १५ मिनिटं शांत असलेलं मशीन केव्हाही परत जाऊ शकतं. आठ तास कुणी हात न लावलेलं मशीन मात्र बहुधा अशा कोपऱ्यात आहे, जिथे कुणी बसतच नाही.

तुमचीच चार तासांची सरासरी घेऊन उदाहरण करू. समजा खरं वितरण वायबुल आहे, शेप पॅरामीटर ०.५ आणि स्केल (वेळेचं माप ठरवणारा आकडा) दोन तास. त्याची सरासरी बरोबर चार तास येते. पण मध्यक येतो ५८ मिनिटं, म्हणजे निम्मे तुकडे तासाभराच्या आतच संपतात. एक्स्पोनेन्शियलमध्ये त्याच सरासरीला मध्यक पावणेतीन तासांच्या आसपास असतो. आता तीन तासांच्या जॉबचं बघा. एक्स्पोनेन्शियल प्रत्येक मशीनसाठी ४७ टक्के शक्यता सांगतं. वायबुल सांगतं, की नुकतंच मोकळं झालेलं मशीन असेल तर २९ टक्के, एक तास मोकळं असेल तर ४९, आणि आठ तास मोकळं असेल तर ७१. तुम्हाला दिसणारं "तीनांत एक" या पहिल्या आकड्याच्या किती जवळ आहे बघा. तुमचा शेड्यूलर, म्हणजे जॉब वाटणारा भाग, मशीन मोकळं झाल्याबरोबर त्यावर झडप घालतो, म्हणजे तो नेहमी सर्वांत कच्च्या मशीनवरच जॉब टाकतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

हे फक्त माझ्या लॅबपुरतं नाही. २००५ साली नर्मी, ब्रेविक आणि वोल्स्की या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तीन वेगळ्या ठिकाणच्या नोंदींवर तपासला. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची विद्यार्थ्यांची लॅब, एक काँडर पूल (अशाच सॉफ्टवेअरने जोडलेला मशीनांचा समूह) आणि इंटरनेटवरची विखुरलेली मशीनं अशी ती ठिकाणं होती. तिथे एक्स्पोनेन्शियल आणि परेटो या वितरणांपेक्षा वायबुल आणि हायपर-एक्स्पोनेन्शियल चांगली बसली. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या मोठ्या क्लस्टरमध्ये कुणी विद्यार्थी येऊन बसत नाही. तिथल्या जवळपास नऊ वर्षांच्या बिघाडांच्या नोंदी श्रोडर आणि गिब्सन यांनी २००६ मध्ये अभ्यासल्या, आणि दोन बिघाडांमधल्या काळाला ०.७ ते ०.८ शेपचं वायबुल बसलं. दुरुस्तीच्या काळाला मात्र लॉगनॉर्मल हे वेगळं वितरण बसलं. म्हणजे मशीन किती वेळ मोकळं राहतं आणि गेल्यावर किती वेळाने परत येतं, यांना एकच वितरण लावायची गरज नाही. हे बहुतेक जण विसरतात.

वायबुल की हायपर-एक्स्पोनेन्शियल? हायपर-एक्स्पोनेन्शियल म्हणजे दोन-तीन एक्स्पोनेन्शियलांची मिसळ. काही तुकडे लहान जातीचे, काही लांब जातीचे. इथे स्वतःला एक प्रश्न विचारा: प्रत्येक मशीनच असं वागतं, की १२० मशीनांमध्ये ४० चंचल आणि ८० शांत आहेत म्हणून एकत्र आकडे तसे दिसतात? दारापाशीची मशीनं चंचल आणि मागच्या रांगेतली शांत, हे मी स्वतः बघितलं आहे. सगळ्यांचे आकडे एकत्र केले तर "जितकं जुनं तितकं टिकाऊ" हा आकार निव्वळ या मिसळीतूनही तयार होतो. तसं असेल तर मशीनच्या सध्याच्या वयापेक्षा, म्हणजे ते आतापर्यंत किती वेळ मोकळं आहे त्यापेक्षा, त्याचा मागचा इतिहास जास्त सांगतो. सेटी ॲट होम या, लोकांनी आपले संगणक उसने दिलेल्या प्रकल्पाच्या सुमारे २,३०,००० संगणकांवर झालेल्या अभ्यासात ज्यांची उपलब्धता खरोखर यदृच्छ म्हणता येईल असे संगणक साधारण ३४ टक्केच निघाले, आणि त्यांनाही सगळ्यांना मिळून एक वितरण पुरलं नाही, गट पाडावे लागले. तुम्ही आधी मशीनं गटांत पाडा, लॅबनुसार, रांगेनुसार, पंख्याखालची आणि उन्हातली अशीसुद्धा, आणि मग प्रत्येक गटाला वितरण बसवून बघा. गट पाडल्यावर शेप पॅरामीटर एकाकडे सरकला, तर तुम्हाला दिसत होती ती मिसळ होती.

वितरण बसलं की नाही हे चाचणीच्या पी-व्हॅल्यूवरून (नोंदी वितरणाशी जुळतात का हे सांगणाऱ्या आकड्यावरून) ठरवू नका. नोंदी हजारोंनी असल्या की जगातलं प्रत्येक वितरण नापास होतं. त्यापेक्षा आलेख काढा. टिकण्याच्या शक्यतेचा लॉग घ्या, त्याचं चिन्ह बदला, परत लॉग घ्या, आणि वेळेच्या लॉगसमोर मांडा. सरळ रेघ आली तर वायबुल, आणि रेघेचा चढ हाच शेप पॅरामीटर. रेघ मध्येच मोडत असेल तर मिसळ. आणि रेघ तुमच्या जॉबच्या लांबीच्या पट्ट्यात, म्हणजे दहा मिनिटं ते सहा तास, नीट बसली तर पुरे. ४० तासांच्या पुढच्या शेपटीत ती कुठेही गेली तरी तुमचा निर्णय बदलत नाही.

आता असा एक मुद्दा, जो समजायला मला बराच काळ लागला. तुम्ही मेलेले जॉब मोजताय. वाया गेलेले तास मोजा. वरच्याच वायबुलमध्ये जॉब जास्त मरतात हे खरं, पण ते लवकर मरतात, म्हणून प्रत्येक मरणाची किंमत कमी असते. जॉब मेला की नव्या मशीनवर पहिल्यापासून सुरू करायचा असं धरलं, तर तीन तासांचं काम पूर्ण व्हायला एक्स्पोनेन्शियलच्या हिशेबाने सरासरी साडेचार तासांचं मशीन खर्च होतं. वायबुलच्या हिशेबाने पावणेपाच. फरक अगदी थोडा! आणि १२ तासांच्या अखंड जॉबला एक्स्पोनेन्शियल ७६ तास सांगतं, वायबुल साडेबत्तीस. चुकीच्या वितरणाने तुम्ही छोट्या जॉबबद्दल फाजील आशावादी झालात आणि मोठ्या जॉबबद्दल नाहक घाबरलात. तीन तासांच्या जॉबचे एकेक तासाचे तीन तुकडे केले तर वायबुलमध्ये तो पावणेपाच तासांचा खर्च तीन तास ५१ मिनिटांवर येतो. तुकडे करणं शक्य असेल तर एवढा फायदा लगेच मिळतो.

मग करायचं काय? मी असं करतो. नुकत्याच मोकळ्या झालेल्या मशीनवर फक्त दहा-पंधरा मिनिटांचे जॉब पाठवतो. वरच्या उदाहरणात १५ मिनिटं टिकण्याची शक्यता ७० टक्के आहे, आणि गेलं तर पंधरा मिनिटंच जातात. त्या चाळणीतून एक-दोन तास तरून गेलेल्या मशीनांवर लांब जॉब टाकतो. लांब जॉबच्या सबमिट फाइलमध्ये रँक (मशीनांचा पसंतीक्रम) कीबोर्ड-आयडलवर (कीबोर्ड किती वेळ शांत आहे यावर) ठेवलं की जास्त वेळ शांत असलेलं मशीन आपोआप आधी निवडलं जातं. तो आकडा सेकंदांत असतो, एवढं लक्षात ठेवा. पण इथेच घड्याळ बघा: सकाळी सात वाजता आठ तास शांत असलेलं मशीन वयाने उत्तम आहे, आणि नऊच्या प्रॅक्टिकलला जाणार हेही नक्की आहे. वयापेक्षा वेळापत्रकाचा शब्द आधी मानायचा.

तुमचं सिम्युलेशन स्वतःची अवस्था फाइलमध्ये लिहू शकत असेल तर चेकपॉइंट ठेवा, म्हणजे मेलेला जॉब शेवटच्या लिहिलेल्या अवस्थेपासून पुढे चालवता येतो. यंग यांचं १९७४ चं सूत्र सोपं आहे: चेकपॉइंटला लागणारा वेळ गुणिले एका बिघाडापासून पुढच्या बिघाडापर्यंतचा सरासरी वेळ, त्याची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. एक मिनिट आणि २४० मिनिटं घातली तर दर २२ मिनिटांनी एक चेकपॉइंट येतो. हे सूत्र धोका सतत सारखा आहे असं धरतं. तुमच्याकडे तो सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी, म्हणून कच्च्या मशीनवर दहा मिनिटांनी, जुन्या मशीनवर तास-दीड तासाने लिहिलं तरी चालतं. फाइल त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवू नका. मशीन गेलं की तीही जाते.

महत्त्वाच्या जॉबच्या दोन प्रती दोन मशीनांवर चालवायचा मोह होईल. ५० टक्के आणि ५० टक्के म्हणजे ७५, हा गुणाकार मशीनं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. एका लॅबची सगळी मशीनं एका मेन स्विचवर असतात. प्रती ठेवायच्याच असतील तर वेगळ्या लॅबमध्ये आणि जमल्यास वेगळ्या फीडरवर (वीजवाहिनीवर) ठेवा.

तीन आठवड्यांच्या नोंदी एकेका मशीनपुरत्या थोड्याच असतात, तेव्हा मी वितरणच टाळतो. एखाद्या मशीनचे रात्रीचे १४ मोकळे तुकडे हाताशी असतील, तर त्यांतला सर्वांत लहान घ्या. "या मशीनचा पुढचा तुकडा त्याहून लांब असण्याची शक्यता निदान ८० टक्के आहे" हे विधान तुम्ही ९५ टक्के खात्रीने करू शकता. ८० ऐवजी ९५ टक्के हवं असेल तर तुकडे ५९ लागतात. तुकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि मशीनची वागणूक बदलत नाही एवढीच यात अट आहे, वायबुल-बियबुल काही लागत नाही.

क्लाउडचं थोडक्यात. हे मॉडेल तिकडे नेऊ नका. तिथे मशीन परत घेणारा माणूस नसतो, कंपनीची मागणी आणि नियम असतात. ॲमेझॉनची स्पॉट मशीनं परत घेताना दोन मिनिटांची सूचना देतात. गूगलची प्रीएम्प्टिबल मशीनं ३० सेकंदांची देतात, आणि २४ तासांनी काहीही झालं तरी बंद होतात. २३ तास जगलेलं असं मशीन अजिबात टिकाऊ नाही, त्याच्याकडे एकच तास उरला आहे. तुमच्या लॅबमध्ये वय हा भरवशाचा पुरावा आहे, इथे ते उलट्या बाजूला झुकतं. क्लाउडच्या नोंदी पूर्ण वेगळ्या ठेवा आणि मशीनचा प्रकार आणि विभाग यानुसार मोजा.

पुढचे तीन आठवडे नोंदी कारणाच्या रकान्यासह, मशीनवरूनच आणि अपूर्ण तुकड्यांसकट घ्या. मग लॅबनुसार आलेख काढून इथे टाका. कुठल्या गटाची रेघ कुठे मोडते ते दिसलं, की जॉब किती लांबीचे कापायचे हे आपण आकड्यांवरून ठरवू.